सरजाबाईचे दोन तट्टे

“दम लागतो का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाई लागत,” सरजाबाई म्हणाली.

“चालताना?”

“नाई.”

“रात्री झोप लागते?”

“लागते नं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सरजाबाईच्या पायांकडे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय सुजून एकसारखे झाले होते. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला बराच वेळ लागायचा. दम लागत नाही म्हणणारी ही बाई एवढ्या चार उत्तरांतसुद्धा दोनदा श्वास घ्यायला थांबली होती.

“तीन गोळ्या द्या,” डॉक्टर म्हणाले. “दोन पुरत नाहीत.”

मी कार्डावर तीन लिहिलं. तेव्हा मी एएनएम होते, लोकांच्या भाषेत नर्सबाई. एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. साकोली तालुक्यात सानगडीच्या बाजारापासून दीड-दोन तास पायी अंतरावरच्या एका गावात माझं सबसेंटर होतं. बाळंतपणं, लसी, विहिरीत औषध टाकणं आणि कुटुंब नियोजनाचं टार्गेट, ही माझी कामं. डॉक्टर आठवड्यातून एकदा पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, जीपने यायचे. बाकीचे सहा दिवस मी आणि माझं रजिस्टर. नवरा प्राथमिक शिक्षक, पण दुसऱ्या तालुक्यात. एखाद्या रविवारी सायकल आणि एसटी करत यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी मूळची भंडाऱ्याची, गजबजलेल्या मोहल्ल्यात वाढलेली. इथे दिवेलागण झाली की बोलायला भिंतीच होत्या. पहिल्या वर्षी मी खूप रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

सरजाबाईला झालं होतं हार्ट फेल्युअर. ‘हार्ट फेल’ म्हटलं की लोकांना वाटतं माणूस गेलाच. तसं नसतं. हृदय चालू असतं, पण त्याचा जोर कमी झालेला असतो. रक्त नीट पुढे ढकललं जात नाही आणि अंगात पाणी साचत जातं. आधी पायात, मग पोटात, मग फुप्फुसांत. त्यावर लघवीची गोळी देतात. ती घेतली की तासाभरात लघवी सुरू होते आणि पुढे चार-सहा तास माणसाला सारखं उठावं लागतं. साचलेलं पाणी त्या वाटेने निघून जातं, पाय उतरतात, श्वास मोकळा होतो. गोळी साधी आणि खात्रीची.

पण सरजाबाईपुढे तिची खात्री चालेना. पोळ्याच्या सुमाराला तिला पहिल्यांदा भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा दहा दिवसांत सूज उतरली होती. घरी आल्यावर एका गोळीवर दिवाळीपर्यंत छान होती. दिवाळीनंतर पाय पुन्हा चढले. एकीच्या दोन गोळ्या झाल्या. परत भंडाऱ्याला ठेवलं, परत उतरली. घरी आली आणि पंधरा दिवसांत जैसे थे. आता तीन.

“थंडीने होत असेल,” डॉक्टर म्हणाले. “किंवा हृदय आणखी बिघडतंय. मीठ खाते का?”

“मीठ बंद केलंय तिने. मी बघते ना.”

“मग घरात तिला करून घालणारं कोण आहे?”

“कोणी नाही. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. एकच मुलगी, ती बपेऱ्याला दिली आहे.”

बपेरा तुमसरच्याही पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ. इथून जायचं तर बस बदलण्यातच दिवस जायचा. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गुंडाळला.

“ही बाई एकटी राहू शकत नाही. मुलीला पत्र टाका. येऊन घेऊन जा म्हणावं.”

डॉक्टर वाईट नव्हते. वयाने माझ्याहून लहान, पुण्याकडचे, कामाला चोख. आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड लिहिलं आणि तसं सरजाबाईला जाऊन सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

ती पाटावर भिंतीला टेकून बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लेकीच्या घरचं आमी पानी बी पेत नाई, बाई. अना तू मले तिथं राहाले धाडून राहिली?”

“आजी, आता कोन पाहते थे?”

“मी पाहतो नं. जवाई चांगला हाये. पन त्याच्या घरी मी बिमार होऊन खाटेवर पडीन, अना माही पोरगी सासूपुढं मान खाली घालून फिरीन. मले माह्या घरी ठेव. बाकी काई मांगत नाई मी तुले.”

एवढं बोलायला तिला किती वेळ लागला, ते मी बघत होते. पत्र पेटीत पडलं होतं. जावई यायला फार तर पंधरा-वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडे रोज जायला लागले. कामासाठीच जात होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगायची. खरं तर तिच्याकडे बसलं की माझाही वेळ जायचा.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मी पुन्हा विचारले नाहीत. बाळंतिणींनी मला एक गोष्ट शिकवली होती. त्रास होतो का विचारलं की बाई नाही म्हणते. काय काय करतेस विचारलं की सगळं सांगते.

“पानी कोन आनते, आजी?”

“मीच आनतो. पयले गुंड भरून आनत होती. आता चरवी आनतो.”

गुंड म्हणजे आमच्याकडचा पितळी मोठा हंडा, चरवी त्याहून पुष्कळ लहान. तिच्या दारापासून विहीर पन्नास पावलांवर होती. तेवढ्यात ती तीनदा बसायची. कडुनिंबाखाली, दुसऱ्याच्या ओट्यावर आणि विहिरीच्या काठावर.

“आंघोळ?”

“चार-पाच दिसानं करतो. लुगडं पिळाले होत नाई नं.”

वेणी घालणं तिने सोडलं होतं, कारण हात वर धरले की छाती भरून यायची. सडा टाकणं पोळ्यापासून बंद. भात दोन दिवसांचा एकदमच रांधायचा, कारण चुलीपुढे वाकून फुंकर मारता येत नव्हती. झोप लागते हे खरं होतं, पण ती झोपायची बसून. धानाच्या पोत्याला पाठ टेकून. आडवं झालं की गुदमरायची.

म्हणजे दम लागत नाही हे तिने खोटं सांगितलं नव्हतं. ज्या ज्या कामाने दम लागायचा ते ते काम तिने एकेक करून टाकून दिलं होतं. आता राहिलं होतं फक्त बसणं. बसल्यावर कशाला दम लागेल? त्या दिवशी मला माझा आणि आमच्या सगळ्या खात्याचाच राग आला. आम्ही चार महिने त्या बाईला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

पण गोळीचं कोडं सुटलं नव्हतं. तीन गोळ्या घेऊन बाई सुजतेच कशी?

“आजी, गोळ्या घेतेस नं?”

“घेतो नं.”

तिने नजर दुसरीकडे वळवली. मी नर्स होते, पोलिस नव्हते. पण ठरवलं, उद्या पूर्ण दिवस इथेच काढायचा.

आठवड्याचा रिपोर्ट बाजूला ठेवून मी सकाळी आठलाच गेले. माझ्या हाताने तीन गोळ्या दिल्या आणि तिने त्या माझ्यासमोर गिळल्या. मग मी दारात बसले, भाजी निवडायला घेतली. अर्धा तास गेला.

“तुले कामं असतीन नं, बाई.”

“आज नाईत.”

“तिकडं कोनी वाट पाहत असन.”

“माही कोन वाट पाहते?” मी म्हटलं. ते मी गमतीने म्हटलं होतं, पण दोघींनाही हसू आलं नाही.

नऊच्या सुमाराला ती चुळबुळ करायला लागली. भिंतीला धरून उठली, मागच्या दारापर्यंत गेली, बाहेर बघितलं आणि परत येऊन बसली. धाप लागली होती. थोड्या वेळाने पुन्हा उठली, पुन्हा दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा ती दाराची चौकट धरून उभीच राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाय एकमेकांवर दाबून धरले होते.

मी उठून तिच्या शेजारी गेले आणि मागचं दार पूर्ण उघडलं. या घरात मी चार महिने येत होते. मागे कधी गेले नव्हते.

मागे तिची सांदवाडी, म्हणजे परसू. एके काळी त्याला काट्याचं कुंपण होतं. दर वर्षी पावसाळ्याआधी ती नवे काटे आणून ते बांधायची. यंदा दम लागत होता, म्हणून राहून गेलं आणि जुनं कुंपण पावसात कुजलं. कुंपणापलीकडे लगेच दुसऱ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे. धान उभं होतं तोवर कंबरेइतका आडोसा होता. दिवाळीनंतर कापणी झाली आणि आडोसा गेला. आता तिच्या दारापासून खळ्याच्या रस्त्यापर्यंत नुसती खुंटं होती. रस्त्यावरून धानाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, चालल्या होत्या. बंडीवरच्या माणसांनी मला बघून हात केला.

गावात तेव्हा संडास नव्हते. बायका पहाटे अंधारात जायच्या, नाहीतर दिवस मावळल्यावर. मधला सगळा दिवस कळ काढायची. धडधाकट बाई लांबच्या झुडपापर्यंत जाऊ शकते. हिला विहिरीपर्यंत तीनदा बसावं लागत होतं. आणि आम्ही तिला तासातासाला उठवणारी गोळी देत होतो, सकाळी, चहानंतर. एकीच्या दोन, दोनाच्या तीन. ती त्या घेतच नव्हती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात खाटेजवळ भांडं असायचं म्हणून तिथे ती घ्यायची आणि बरी व्हायची.

विचार करायला वेळ नव्हता. दांडीवर तिचं लुगडं वाळत होतं. ते ओढून मी दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. “बस, आजी.”

माझ्यामागे ती बसली. रस्त्यावरून गणपत बंडीवाला ओरडला, “काय नर्सबाई, लुगडं वाळवून राहिली का?”

“हो,” मी म्हटलं. “ऊन चांगलं हाये.”

दुपारपर्यंत मी सात वेळा लुगडं धरलं. सातव्या वेळेपर्यंत माझे हात भरून आले होते, पण सरजाबाई आत येऊन बसली तेव्हा न थांबता एक अख्खं वाक्य बोलली.

“मले सांगाचं नाई का हे?” मी विचारलं.

“सायबापुढं काय सांगू, बाई? पोराएवढा हाये तो.”

“मले तं सांगता आलं असतं.”

“तू तं बाईमानूस. तुले ठाऊकच असन असं वाटलं.”

ते मला लागलं. मला ठाऊक असायलाच हवं होतं. आईबरोबर, काकूबरोबर पहाटे टमरेल घेऊन मीही जात होतेच की लहानपणी. पण सबसेंटरच्या क्वार्टरला सरकारी संडास होता. चार वर्षं दाराला कडी लावून बसायची सवय झाली आणि मी विसरून गेले.

जीप आली तेव्हा मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता कानापर्यंत लाल झाले.

“मग आता काय करायचं?”

“बांबूचे दोन तट्टे लागतील, सर. मोठे.”

“हे मी प्रिस्क्रिप्शनवर कसं लिहू?”

“लिहू नका. मी सानगडीच्या बाजारातून आणते.”

त्यांनी तिचं कार्ड पुढे ओढलं. मग म्हणाले, “गोळी मात्र एकच करा. आता खरोखर घेणार असेल तर तीनने सगळं पाणी निघून जाऊन चक्कर येऊन पडेल. आणि तुमचं ऑपरेशनचं टार्गेट किती झालं?”

“निम्मं.”

“बघा तेही जरा,” असं म्हणून ते जीपमध्ये बसले. रागावले नाहीत, हेच पुष्कळ होतं.

तट्टे म्हणजे विणलेल्या बांबूचे उभे पडदे. बाजारातून ते गणपतनेच बंडीवर टाकून आणले आणि खुंट ठोकून सांदवाडीच्या रस्त्याकडच्या बाजूला घट्ट बांधून दिले. त्यानंतर त्याने मला लुगड्यावरून कधी चिडवलं नाही.

एका गोळीवर आठवड्यात पाय उतरले. घोट्याची हाडं दिसायला लागली. ती आडवी झोपायला लागली. विहिरीच्या वाटेवर आता एकदाच बसायची, निंबाखाली.

पत्र टाकल्यापासून अठराव्या दिवशी जावई आला. सोबत एक मोठी रिकामी पिशवी, सासूचं सामान भरायला. सरजाबाईने त्याला ओट्यावर बसवलं आणि स्वतः गुंड घेऊन विहिरीवर गेली. मी पाठोपाठ निघाले तर तिने हातानेच मला थांबवलं. अर्धा गुंड भरून आणला, कमरेवर. त्यातलं पाणी जावयाला पाय धुवायला दिलं. मग म्हणाली, “जवाई, पत्र चुकून गेलं तुमाले. मी बरी हाये.”

जावई माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “हो, चुकून गेलं.” तो रात्रभर राहिला आणि सकाळच्या गाडीने रिकामी पिशवी घेऊन परत गेला. गोष्ट इथे संपली असती तर मीही समाधानाने सांगितली असती.

पुढे मार्चअखेर आली. टार्गेट, कॅम्प, रिपोर्ट. बरी झालेली पेशंट म्हणून सरजाबाईचं नाव मी रोजच्या व्हिजिटमधून काढलं. गोळ्या महिन्याच्या एकदम दिल्या. महिनाभर तिकडे फिरकले नाही. महिन्याने गेले तर ती पोत्याला टेकून बसलेली, आणि पाय पुन्हा सुजलेले.

मी तडक मागच्या दारी गेले. एक तट्टा सोडून भिंतीला टेकवून ठेवला होता. रस्ता पुन्हा समोर उघडा.

“वाऱ्यानं पडला का?”

“नाई. मीच सोडला.”

“काहून?”

ती सावकाश म्हणाली, “पयले रस्त्यानं येनारे जानारे दिसत. कोनी हात करे, कोनी विचारे, काय व बुढे, जेवली का. तट्टा लावला तवापासून कोनी दिसत नाई. तू बी नाई आली. दोन-दोन दिस माह्या तोंडातून शब्द निघे नाई, बाई. मंग म्हटलं, दम लागला तं लागू दे. मानूस दिसाले पायजे.”

मी तिच्या शेजारी बसले. दिवसभर आवाज न फुटणं काय असतं, ते मला तिच्याकडून समजून घ्यायची गरज नव्हती. गरज होती ती महिन्यातून दोनदा तरी त्या दारात जाऊन बसण्याची. ते मी केलं नव्हतं, आणि मला कोणी अडवलंही नव्हतं.

उन्हं उतरल्यावर मी गणपतला बोलावून आणलं. सोडलेला तट्टा आम्ही घराच्या कोपऱ्याला आडवा लावला आणि दुसराही काढून त्याला काटकोनात जोडला. एका माणसापुरती जागा बंद झाली. बाकी सांदवाडी रस्त्याकडे मोकळी. आडोसा तेवढाच लागत होता. आम्ही अख्खं परसू झाकून टाकलं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तट्ट्यांचाही डोस जास्तच झाला होता.”

त्यानंतर दर गुरुवारी मी तिच्याकडे जाऊन बसायची. रजिस्टरात कारण काय लिहायचं हा प्रश्न होता, म्हणून ‘पाय तपासले’ असं लिहायची. ती तिच्या घरात आणखी दोन पावसाळे राहिली. स्वतः पाणी आणलं, स्वतः रांधलं, लेकीकडे एकदाही गेली नाही. मग माझी बदली झाली. निघताना ती रस्त्याच्या बाजूला बसली होती. म्हणाली, “आता गुरवारी कोन येते?” मी म्हटलं, नवी नर्स येईल. नर्सची ती जागा पुढे वर्षभर रिकामी राहिली, हे मला नंतर कळलं. सरजाबाई त्याच वर्षात गेली. तिच्या स्वतःच्या घरात, तिला हवं होतं तसंच. ती गेल्याचं लोकांना दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढे नव्या नर्सेसना शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायची. एक, गोळी देण्याआधी पेशंटच्या घराचं मागचं दार उघडून बघा. दुसरी, पेशंट बरा झाला की व्हिजिट लगेच बंद करू नका. पहिली गोष्ट मुली वहीत उतरवून घ्यायच्या. दुसरीला विचारायच्या, मग रजिस्टरात कारण काय लिहायचं? मी त्यांना सांगायची, ‘पाय तपासले’ असं लिहा.